माझे कान पिवळे पडले तेव्हा

मित्रांनो, या रोपांच्या नर्सरीतला सर्वांत जुना रहिवासी मी. माझ्या डोळ्यांदेखत किती गुलाबाची कलमे, लिंबाची रोपे आणि नेच्यांच्या कुंड्या आल्या आणि गाडीत बसून कुणाकुणाच्या घरी गेल्या. मला मात्र कुणी मागितले नाही, म्हणून मी इथेच राहिलो. मी बोका आहे. अंग पांढरे आणि पाठीवर शाई सांडल्यासारखा काळा डाग, म्हणून माझे नाव डाग्या.

आता माझे वय झाले. दात थोडेच उरले आहेत आणि उडी मारण्याआधी मी दोनदा विचार करतो. बाकी माझे बरे चालले आहे. तरीही एक काळजी मला सुखाने झोपू देत नाही, आणि बोक्याला झोप लागत नाही म्हणजे काय, ते तुम्हीच समजा. ती काळजी तुमच्या कानावर घालावी म्हणून ही हकिकत सांगतो.

मी इथे आलो तो बियाण्याच्या रिकाम्या खोक्यातून. नर्सरीत उंदरांनी धुमाकूळ घातला होता. पाकिटे फोडून ते भोपळ्याच्या आणि काकडीच्या बिया फस्त करत. म्हणून नर्सरीच्या मालकिणीने मला कुणाकडून तरी मागून आणले. तिला सगळे ताई म्हणत. ताईचा आवाज मोठा, हात कायम मातीचे आणि बोलणे रोखठोक. "हे झाड जगेल ना हो?" असे गिऱ्हाइकाने विचारले की ती म्हणे, "पाणी घातलंत तर जगेल. नुसतं बघत बसलात तर नाही."

नर्सरीच्या मागे दोन खोल्या होत्या. तिथे ताई, तिची वहिनी आणि वहिनीची लहानगी चिमी अशा तिघी राहत. चिमीचे वडील म्हणजे ताईचा थोरला भाऊ. मी येण्याच्या आदल्या वर्षीच तो वारला होता. मी त्याला कधी पाहिले नाही. त्याला कावीळ झाली होती, एवढेच मला कळले, तेही फार उशिरा. कारण तो शब्द घरात कुणी उच्चारत नसे. ताई आणि वहिनी एकमेकींशी बोलत त्या खताबद्दल, पाण्याबद्दल, चिमीच्या सर्दीबद्दल. त्याच्याबद्दल कधीच नाही.

सुरुवातीला वहिनीला मी आवडत नव्हतो. मी खोलीत शिरलो की ती म्हणे, "ताई, तुमचं मांजर बाहेर घ्या बरं. केस गळतात त्याचे." मी आपला निमूटपणे बाहेर जाई. पण वहिनीला माझ्याहून नावडते असे एक जनावर नर्सरीत होते, ते म्हणजे पाल. आणि नर्सरीत पालींना काय तोटा! ओल्या भिंती, दिव्यांभोवती घोंघावणारे चिलटांचे थवे, कुंड्यांच्या आडोशाला हजार जागा. एकदा हिरवी जाळी सरकवताना एक पाल वहिनीच्या खांद्यावर पडली. तेव्हापासून तिने धास्तीच घेतली. अवजारांच्या खोलीत जायचे झाले की ती आधी दार वाजवी आणि बाहेरूनच म्हणे, "मी येतेय हं. तू निघ बघू आधी." पाल अर्थातच निघत नसे. मग वहिनीही आत जात नसे, आणि खुरपे आणायला ताईला उठावे लागे.

एके दिवशी सकाळी वहिनी अशीच दारात अडून उभी होती. आतल्या भिंतीवर एक जाडजूड पाल होती. मी वहिनीच्या पायांमधून आत गेलो, पोत्यांवर चढलो आणि झेप घेतली. शेपटी तेवढी जमिनीवर वळवळत राहिली, बाकीची पाल माझ्या पोटात गेली. मग शेपटीही मी सोडली नाही. वहिनी डोळे मिटून उभी होती. तिने एक डोळा उघडला, रिकामी भिंत पाहिली आणि माझ्याकडे पाहिले. त्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने मला बशीभर दूध दिले.

मित्रांनो, कौतुकाची चटक फार वाईट. त्यानंतर मी उंदरांपेक्षा पालींच्याच मागे लागलो. संध्याकाळी दिवे लागले की मी भिंतीखाली दबा धरून बसे. वहिनी गिऱ्हाइकांना सांगे, "आमचा डाग्या म्हणजे पालींचा काळ आहे काळ. एक शिल्लक ठेवत नाही." तिच्या तोंडचे ते "आमचा" ऐकले की माझी मान ताठ होई. मला आता खोलीत मज्जाव नव्हता. दुपारी मी चिमीच्या शेजारी चटईवर झोपे. चिमीला नुकते बोलता येऊ लागले होते. डाग्या म्हणता येत नसे, म्हणून ती मला "दाद्या" म्हणे. पहिल्यांदा तिने तशी हाक मारली तेव्हा ताई हसता हसता थांबली आणि पाण्याची झारी घेऊन बाहेर निघून गेली. ती आपल्या भावाला दादा म्हणत असे, हे मला नंतर समजले.

माझे आणखी एका गोष्टीसाठी कौतुक होई, ते म्हणजे स्वच्छतेसाठी. मागच्या बाजूला पालापाचोळ्याच्या खताचा ढीग होता. तिथली माती भुसभुशीत, सावलीतली, ओलसर. मी तिथे खड्डा करून माझा कार्यभाग उरकत असे आणि वर नीट माती ओढत असे. कुणाला कधी वासही आला नाही. त्याच ढिगात गोगलगायी राहत. त्याच ढिगातले खत कुंड्यांत भरले जाई. यात काही काळजी करण्यासारखे आहे, हे तेव्हा ताईला, वहिनीला किंवा मला, कुणालाच ठाऊक नव्हते.

अशीच वर्षे जात राहिली असती तर माझी गोष्ट इथेच संपली असती. पण एका उन्हाळ्यात माझी भूक मंदावली. आधी मी बशीत थोडे टाकू लागलो, मग अर्धे, मग नुसताच वास घेऊन मागे फिरू लागलो. मधूनच उलटी होई. अंगात कणकण वाटे आणि नेच्यांच्या फळीखालच्या गारव्यात पडून राहावेसे वाटे. एक उंदीर माझ्या शेपटीवरून चालत गेला आणि मी मान वर केली नाही.

"हा काही खात नाहीये हो, ताई," वहिनी म्हणाली.

"उन्हाळा आहे. खाईल," ताई म्हणाली.

त्या दिवसांत चिमी रंग शिकत होती. कुंड्यांपुढे उभी राहून ती फुलाफुलावर बोट ठेवी. तांबडं. पांढरं. पिवळं. एका दुपारी ती माझ्याजवळ फतकल मारून बसली, माझा कान धरून उलटा केला आणि म्हणाली, "आई, दाद्या पिवळा."

वहिनी हसली. "फुलात लोळून आला असेल गं," असे म्हणत तिने ओले फडके आणले आणि माझा कान पुसला. पुन्हा पुसला. फडके पांढरेच राहिले. मग तिने माझा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, माझी पापणी खाली ओढून डोळा पाहिला.

"ताई," तिने हाक मारली. हाक मोठी नव्हती, पण ताई हातातले खुरपे टाकून धावत आली.

ताईने एकदाच माझ्या डोळ्यांत पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. "नाही," ती म्हणाली. "नाही, नाही. चिमीला उचल आधी. याच्याजवळ जाऊ देऊ नकोस तिला."

चिमी रडू लागली. तिला उचलून आत नेले. मला अवजारांच्या खोलीत ठेवून ताईने दार लावून घेतले. मित्रांनो, मी आजारी आहे हे मला माहीत होते. पण मी कुणाला भीती वाटावी असा झालो आहे, हे मला त्या दारामागे कळले. बाहेर दोघी बोलत होत्या आणि मांजराला भिंतीपलीकडचेही ऐकू येते.

"डॉक्टरांकडे नेऊ या त्याला," वहिनी म्हणत होती.

"नेऊन काय होतं ते पाहिलंय आपण."

"ताई, ते माणसाचं होतं."

"रंग तोच आहे ना? डोळे तसेच आहेत ना? दादाचीही आधी भूकच गेली होती. आणि मी काय म्हणाले होते? उन्हाळा आहे, खाईल." ताईचा मोठा आवाज चिरकला. "पोरीला काही झालं तर? मला परत ते बघायचं नाहीये, वहिनी. माझ्यात आता तेवढं बळ नाही. लांब कुठेतरी सोडून येते मी त्याला."

मग वहिनी म्हणाली, "सोडायलाच न्यायचंय ना? मग गाडी काढा. वाटेत दवाखाना आहे. आधी तिथे थांबू. मग तुम्हाला वाटेल ते करा."

चिमीला शेजारच्या शिंप्याच्या बायकोकडे ठेवून दोघी निघाल्या. मी रोपे ठेवायच्या क्रेटमध्ये होतो, वर जाळी बांधलेली. ताई टेम्पो चालवत होती आणि एक अक्षर बोलत नव्हती. वहिनीचा हात जाळीतून आत आला होता. मला त्या क्षणी माहीत नव्हते, की ही गाडी मला बरे करायला नेते आहे की टाकून द्यायला. माझे काळीज असे धडधडत होते, की त्या हाताला ते नक्की कळले असेल.

प्राण्यांच्या दवाखान्यात डॉक्टरबाई होत्या. चष्मा डोक्यावर चढवलेला आणि तोच चष्मा त्या टेबलावर शोधत होत्या. पण त्यांचे हात फार शहाणे होते. त्यांनी माझे पोट अलगद दाबून पाहिले, कान पाहिले, डोळे पाहिले.

"काय खातो हा?"

"आम्ही देतो ते खायचा. आता काहीच नाही," वहिनी म्हणाली. "एरवी उंदीर मारतो. आणि पाली. पाली तर खूप."

डॉक्टरबाईंचा हात माझ्या पोटावर थांबला. "मारतो, की खातो?"

"खातो. शेपटीसकट." एवढ्या काळजीतही वहिनीच्या आवाजात थोडा अभिमान होता.

डॉक्टरबाईंनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला. "तुमच्याकडे गोगलगायी आहेत?"

"नर्सरी आहे आमची," ताई पहिल्यांदाच बोलली, आणि तेही जरा घुश्श्यात. "गोगलगायी नसतात अशी नर्सरी दाखवा मला."

मग डॉक्टरबाईंनी सांगितले ते मी टेबलावर पडल्या पडल्या ऐकले. ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, आणि मांजराच्या अंगावर काटा आला की सगळ्यांना दिसतो.

एक चपटा कृमी असतो, इवल्याशा पानासारखा. मांजराच्या यकृतातून पित्त ज्या बारीक नळ्यांनी वाहते, त्या नळ्यांत तो बिऱ्हाड करतो. तिथे तो अंडी घालतो. ती अंडी पित्ताबरोबर आतड्यात उतरतात आणि मांजराच्या विष्ठेतून मातीत पडतात. मातीतली गोगलगाय ती खाते. तिच्या पोटात अंड्यातले पिल्लू वाढते, रूप बदलते आणि पुन्हा मातीत येते. मग कुंडी उचलली की तळाशी जे करडे किडे पळताना दिसतात, बोट लावताच गोळी होतात, ते त्याला गिळतात. त्या किड्याला पाल गिळते.

"आणि पालीला हा," ताई हळूच म्हणाली.

"हो. हा पाल खातो, आणि त्या पालीच्या पोटातून तो कृमी पुन्हा याच्या यकृताकडे चढतो. तिथे मोठा होतो. थोडे असले तर मांजराला पत्ताही लागत नाही. खूप झाले की नळ्या सुजतात, पित्त तुंबतं आणि मांजर पिवळं पडतं. मला तसा संशय आहे. अजून खात्री नाही."

"माझ्या भाचीला होईल का हे?" ताईने विचारले. "ती याला कुशीत घेऊन झोपते. दोन-अडीच वर्षांची आहे."

"नाही. ही एकाची दुसऱ्याला लागणारी कावीळ नाही. याला शिवून, कुशीत घेऊन तिला हे होणार नाही."

"पण याचा पापा घेते ती."

"तरी नाही. हात धुवायला शिकवा, ते कुठल्याही मांजराच्या बाबतीत शिकवायलाच हवं. पण हे तिला होणार नाही."

ताईने पुन्हा विचारले, "म्हणजे नक्की होणार नाही?"

डॉक्टरबाईंनी माझ्यावरचा हात काढून ताईच्या मनगटावर ठेवला. "नाही होणार हो," त्या म्हणाल्या. कदाचित त्यांच्याही लक्षात आले असावे, की हा प्रश्न नुसता मांजराचा नाही.

माझ्या पोटावरचे केस भादरले आणि त्यावर गार मलम लावून यंत्र फिरवले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. पडद्यावर पित्ताच्या नळ्या फुगलेल्या दिसल्या. पण विष्ठेच्या तपासणीत मात्र अंडे सापडले नाही. डॉक्टरबाई सूक्ष्मदर्शकावरून मान वर करून म्हणाल्या, "आज नाही दिसलं. म्हणजे नाहीच, असं मी म्हणणार नाही. नळी तुंबली असेल तर अंडी खाली उतरतच नाहीत. उद्या पुन्हा बघू, परवा पुन्हा बघू. तोवर एकच करा. याला उपाशी राहू देऊ नका. मांजर उपाशी राहिलं तर यकृत आणखी बिघडतं. बिनसुईच्या सिरिंजने भरवा. थुंकेल, ओरबाडेल, तरी भरवा."

परतताना मी कान टवकारून बसलो होतो. जिथे रस्ता गावाबाहेर वळतो तिथे टेम्पो क्षणभर मंदावला. वहिनीने श्वास रोखला. मीही रोखला. मग ताईने गाडी नर्सरीच्या दिशेने वळवली आणि म्हणाली, "सिरिंज घेतलीस ना गं?"

पुढचे दिवस फार कठीण गेले. वहिनी मला जुन्या टॉवेलात गुंडाळी, तोंडाच्या कडेने पातळ पेज सोडी. मी अर्धी गिळे, अर्धी तिच्या अंगावर उडवी. तिच्या हातांवर माझ्या नखांचे ओरखडे उठले. मला तिचा राग नव्हता. अन्नाचाच मला तिटकारा आला होता. ताई लांब दारात उभी राही, पाही आणि निघून जाई. तिने मला टाकले नव्हते, पण ती मला हातही लावत नव्हती.

एका दुपारी वहिनी मला भरवता भरवता भिंतीला टेकली आणि तशीच झोपी गेली. पेजेची वाटी कलंडणार, तोच ताईने ती धरली. ती काही वेळ तशीच उकिडवी बसून राहिली. मग तिने वहिनीच्या मांडीवरून मला अलगद उचलले.

"उघड रे तोंड," ती पुटपुटली. "शहाणा ना तू? दादाही असाच करायचा. चमचा पुढे केला की भिंतीकडे तोंड फिरवायचा. आणि मी चिडायचे त्याच्यावर. खायचंच नाहीये तुला, म्हणायचे." सिरिंज माझ्या दाढेपाशी आली. "मला वाटायचं, हट्ट करतोय. त्याला जात नव्हतं रे. हे मला कुणी सांगितलंच नाही."

मी तोंड उघडले. ताईला बरे वाटावे म्हणून उघडले असे म्हणायला मला आवडले असते. पण खरे सांगायचे तर मला ओरबाडायचेही त्राण नव्हते. पेज आत गेली. ताईने पुन्हा सिरिंज भरली. वहिनी जागी झाली होती, पण ती हलली नाही. डोळे मिटून तशीच टेकून राहिली आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होते. त्या दिवसापासून एक वेळ वहिनी भरवू लागली आणि एक वेळ ताई. आणि भरवता भरवता दोघी दादाबद्दल बोलू लागल्या. त्याला कुंडीत कांदा लावायची कशी खोड होती, तो शिट्टी किती बेसूर वाजवायचा. मी मधे टॉवेलात, आणि माझ्या डोक्यावरून त्यांच्या गप्पा.

मग एका तपासणीत अंडे सापडले. डॉक्टरबाईंनी दोघींना सूक्ष्मदर्शकातून पाहायला लावले. तपकिरी, लांबट गोल, अगदी बारीक. ते पाहून वहिनी आनंदाने रडू लागली. "अहो, हा आजार सापडलाय, बरा झालेला नाही अजून," डॉक्टरबाई गोंधळून म्हणाल्या. तेव्हा ताई म्हणाली, "आमच्या माणसाच्या वेळी शेवटपर्यंत कारणच कळलं नव्हतं हो. याचं निदान नाव तरी कळलं."

औषध सुरू झाले. पण डॉक्टरबाईंनी एक धोका आधीच सांगून ठेवला होता. गोळ्यांनी कृमी मरतील, पण मेलेले कृमी त्याच अरुंद नळीतून बाहेर पडायला हवेत. अडकले, तर आणखी कठीण. झालेही तसेच. औषधानंतर मी सुधारण्याऐवजी ढासळलो. अंग गार पडले. मला सलाईन लावून दवाखान्यातच ठेवले. ताई आणि वहिनी बाकावर शेजारी शेजारी बसून होत्या. नर्सरीला कुलूप होते आणि चिमी पुन्हा शिंप्याच्या बायकोकडे होती. रोपांना पाणी कोण घालणार, असे कुणी विचारले, तेव्हा ताई म्हणाली, "एक दिवस तहानली तर मरत नाहीत झाडं." रोपांच्या बाबतीत ताई असे काही बोलेल, हे मला स्वप्नातही खरे वाटले नसते.

मला त्या वेळचे फारसे आठवत नाही. एवढे आठवते, की पोटातली ती घट्ट गाठ कधीतरी सैल झाली आणि कुठूनतरी माशाचा वास आला. शेजारच्या पिंजऱ्यातल्या मांजरीचे जेवण आले होते. मी मान उचलली. माझ्या घशातून एक घोगरा आवाज निघाला. वहिनी बाकावरून ताडकन उठली. "ताई! त्याने मागितलं! अहो, त्याने स्वतः मागितलं!"

मित्रांनो, मी जगलो. पण घरी आलो तो वेगळ्याच जगात. मागच्या खताच्या ढिगाला जाळीचे कुंपण पडले होते. माझ्यासाठी वाळूचा ट्रे आला होता. ताई रोज सकाळी हातमोजे घालून गोगलगायी वेचू लागली. आणि दिवे लागायच्या सुमाराला दोघी मला आतल्या खोलीत घेऊन खिडकीची तारेची जाळी लावून घेऊ लागल्या. पालींचा काळ आता जाळीमागे बसून पाली मोजू लागला. गिऱ्हाइकांना माझ्या पराक्रमाच्या गोष्टी सांगणे वहिनीने सोडून दिले. खोटे कशाला बोलू, मला वाईट वाटले. ज्यासाठी माझे कौतुक झाले, तेच आता गुन्ह्यासारखे झाले होते.

पण वहिनीचे काय झाले असेल, याचा विचार करा. पाली तर हटेनात. अवजारांच्या खोलीत मला जाऊ द्यायचे नाही आणि माझ्यासाठी खोली पालींपासून मोकळी ठेवायची. एका संध्याकाळी एक पाल आमच्या खोलीतच शिरली आणि माझ्या डोक्यावर भिंतीवर बसली. माझे दात आपोआप वाजू लागले. वहिनी दारात उभी होती, पांढरीफटक. ताई घरात नव्हती. वहिनीने लांब दांड्याचा झाडू घेतला. "जा गं बाई," ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "जा ना. तुलाही जीव आहे, यालाही आहे. इथे आमचा पेशंट आहे." झाडू भिंतीला टेकवत, माघार घेत, पुन्हा पुढे येत तिने ती पाल खिडकीबाहेर घालवली, खिडकी लावली आणि जमिनीवर बसून मला छातीशी असे घट्ट धरले, की माझा जीव गुदमरला. मी तसाच गुदमरत बसलो. हललो नाही.

आता माझी काळजी सांगतो. एका दुपारी ताई खत चाळता चाळता थांबली आणि वहिनीला म्हणाली, "हेच खत आपण इतके दिवस कुंड्यांत भरलं. गोगलगायीसकट, किड्यांसकट. किती घरी गेल्या असतील त्या कुंड्या."

वहिनीने हातातली पिशवी खाली ठेवली. "गोगलगायी सगळीकडेच असतात, ताई. डॉक्टरबाईच म्हणाल्या."

"असतात. पण ज्यांच्या घरी मांजर आहे, त्यांना सांगायला नको?"

"सांगितलं तर कोण येईल आपल्याकडे? तिघींचं पोट यावरच आहे."

"मला कुणी सांगितलं नव्हतं, वहिनी," ताई म्हणाली.

तेव्हापासून रोप देताना ताई विचारू लागली, "घरी मांजर आहे का?" हो म्हटले की ती कुंडी उलटी करून तळ दाखवी, झटकून देई, आणि पाली खाऊ देऊ नका म्हणून सांगे. काही जण हसले. काही जण कुंडी तिथेच ठेवून गेले. एकदा शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आल्या. शेवंतीचे रोप त्यांनी हातात घेतले होते. ताईने नेहमीचा प्रश्न विचारला.

"होती," त्या म्हणाल्या. "मागच्या उन्हाळ्यात गेली."

ताईने तरीही सगळे सांगितले. पिवळे डोळे, गेलेली भूक, पाली. बाई ऐकत होत्या, आणि त्यांच्या हातातले रोप हळूहळू खाली येत गेले.

"आमचीही पिवळी झाली होती," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, शेजारच्या आजोबांनी विष घातलं. ते उंदरांना घालतात. मी त्यांना नाही नाही ते बोलले. भर गल्लीत. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे." मग त्यांनी विचारले, "त्याआधी नेचा नेला होता मी. इथूनच. त्यातूनच आलं असेल का हो?"

मी जाळीमागून ताईकडे पाहत होतो. ती सहज नाही म्हणू शकली असती.

"माहीत नाही," ताई म्हणाली. "असेलही. खरंच माहीत नाही, बाई."

मला वाटले, आता त्या ओरडतील. पण त्यांनी शेवंतीची कुंडी स्वतःच उलटी केली, तळ पाहिला आणि म्हणाल्या, "अजून एक द्या. आजोबांना फुलं आवडतात." जाताना फाटकाशी थांबून त्या म्हणाल्या, "दार उघडतील की नाही, कोण जाणे."

"नाही उघडलं तर दारात ठेवा," ताई म्हणाली. "पण पाण्याचं बाहेरूनच सांगून या."

मित्रांनो, त्यानंतर कितीतरी रोपे या फाटकातून गेली. चिमी आता शाळेत जाते आणि मला डाग्या म्हणते. पण फाटक वाजले की माझे कान अजून उभे राहतात. तुमच्या मांजराने पाल धरली तर टाळ्या पिटू नका, तिला सोडवा. त्याने जेवण टाकले तर उन्हाळा आहे म्हणू नका. त्याचे ओठ, डोळे उजेडात पाहा, आणि जरा जरी पिवळे वाटले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आम्हाला दुखते कुठे ते सांगता येत नाही. आणि आमच्याकडून कधी तुम्ही कुंडी नेली असेल, तर एकदा सवड काढून इकडे या. रोप घेऊ नका हवे तर. फक्त खिडकीच्या जाळीपाशी थांबा आणि मला एवढेच सांगा, की तुमचे मांजर बरे आहे.